जावळ

तुम्ही खोटं लिहिलंत. सरळच सांगतो, कारण गोड बोलून पाहिलं आणि तुमच्या बालसंरक्षण खात्याच्या काउंटरवरून दरवेळी एकच उत्तर आलं: फाइल क्लोज झाली आहे.

एका म्हातारीनं बंद गाडीत कोळसे पेटवले आणि त्यामुळे बाळाच्या अंगात विषारी वायू गेला, असं तुम्ही लिहिलंत. ती म्हातारी म्हणजे माझ्या बायकोची मावशी, शैलजामावशी. तिनं कोळसे पेटवले नव्हते. आणि हे तुमच्या माणसाला ठाऊक होतं, कारण त्या शेगडीत त्यानं माझ्या डोळ्यांदेखत हात घातला होता.

मी काही लेखक नाही. इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, मोटारींचे हीटर टेस्ट करतो. गरम हवा कुठून निघते आणि कुठे पोचते, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा हवेबद्दल मला शिकवू नका. गप ऐका.

यंदाच्या जानेवारीत, म्हणजे २००७च्या, बर्फाचा पाऊस झाला. फांद्या काचेसारख्या कडाकडा मोडल्या, तारा तुटल्या, आमची सगळी गल्ली अंधारात गेली. वीज नाही म्हणजे घरातली हीटिंग नाही. घरात दोन महिन्यांची स्वानंदी. हॉटेलं भरलेली, रस्ते बंद. उरली ड्राइव्हवेतली आमची आर.व्ही.

ही चाकांवरची खोली मी आदल्या उन्हाळ्यात टोलीडोजवळच्या एका यार्डातून उचलली होती. मागे पलंग, मध्ये ओटा, पुढे स्टिअरिंग. आधीचा मालक कोण, ते यार्डवाल्यालाही माहीत नव्हतं. माझी बायको नेत्रा तिला ‘माझी सवत’ म्हणायची. त्या दिवशी मात्र म्हणाली, “जा बाबा, तुझ्या लाडकीला मनव. निदान हीट तरी दे म्हणावं.”

अशा गाडीची फर्नेस, म्हणजे गरम हवेची भट्टी, गॅसच्या सिलिंडरवर चालते आणि पंखा बॅटरीवर. काम साधं असतं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटनं सांगितलं की पंखा फिरतो. पंख्याच्या वाऱ्यानं एक पातळ पट्टी ढकलली जाते, ती खटका दाबते. वारा वाहतोय याची खात्री पटल्याशिवाय गॅस सुटत नाही. मग ठिणगी, मग ज्योत.

आमचा पंखा फिरत होता, ठिणगी पडत नव्हती. म्हणजे पट्टी अडकली असणार. मी झाकण काढलं. पट्टीभोवती केस गुंडाळलेले होते. बारीक, मऊ, फिक्या सोनेरी रंगाचे.

“कुत्रं असेल आधीच्या मालकाचं,” मी म्हणालो. ब्रशनं सगळं साफ केलं. फर्नेस धप्पकन पेटली. आम्ही गाद्या, दुपटी, कुकर घेऊन गाडीत राहायला गेलो.

मावशी आपली शेगडीही घेऊन आली. ही शेगडी तुमच्या कागदावर आहे, म्हणून नीट समजून घ्या. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर शेक देतात. निखाऱ्यावर ओवा टाकायचा आणि ऊब घ्यायची. बाळंतपणासाठी येताना मावशीनं कऱ्हाडहून लोखंडी शेगडी बॅगेत घालून आणली होती. पहिल्याच दिवशी घरातला स्मोक अलार्म असा बोंबलला की फायर ट्रक दारात आला. नेत्रा म्हणाली, “मावशी, प्लीज, इथे हे अलाउड नाही.” दुसऱ्या दिवसापासून मावशीनं शेगडीत लसूण ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून ती लसणाची परडी होती.

सकाळी गाडी गारठलेली. पंखा चालू, हवा थंड. पुन्हा झाकण काढलं. पट्टीवर पुन्हा केस.

मी हसलो, हेही लिहून ठेवतो. नळीत कुठेतरी जुना गुंता राहिला असेल म्हटलं. सगळं परत पुसलं आणि हवा आत घेणाऱ्या जाळीवर दुसरी, बारीक जाळी ठोकली. फर्नेस पेटली आणि जेवणं व्हायच्या आत विझली. नवी जाळी स्वच्छ होती. केस जाळीच्या पलीकडे होते.

मावशी स्वानंदीला मांडीवर घेऊन तेल थापत होती. नाक्यावरच्या देशी दुकानातलं खोबरेल तिला चालायचं नाही. ती स्वतः माका घालून उकळलेलं, हिरवं, उग्र वासाचं तेल घेऊन आली होती. तिनं माझ्या चिमटीतला गुंता बघितला आणि हात पुढे केला.

“श्रीरंगराव, इकडे द्या बघू.”

तिनं तो तळहातावर घेतला. कचरा घेतात तसा नव्हे.

“हे कुत्र्याचं नाही हो. जावळ आहे हे. तान्ह्या लेकराचं.”

“मावशी, काहीतरीच काय!”

“आयुष्यभर लेकरं न्हाऊ घातली मी. कात्री न लागलेला केस मला कळत नाही होय?”

नेत्रा ओट्याकडून म्हणाली, “मावशी, स्टॉप इट हं. मला आधीच झोप नाही.” पण तिचा आवाज पातळ झाला होता.

मी गॅरेजमधून भिंग आणलं. वायरी कुठे तुटल्यात ते बघायचं भिंग. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं. यातला एकही केस बोथट नव्हता, प्रत्येक सुईसारखा निमुळता होत गेलेला. आणि दुसऱ्या टोकाला पांढरा कण. मूळ. म्हणजे ते कुणी कापले नव्हते. ओढले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. फर्नेसच बाहेर काढायची ठरवली.

काढली तेव्हा दिसलं, ज्योतीच्या डब्याला तडा होता. अशा फटीतून जळका वायू गाडीच्या हवेत मिसळतो आणि झोपलेला माणूस झोपेतच राहतो. म्हटलं, त्या केसांनीच वाचवलं आम्हाला. पेटू देत नव्हते. खरं सांगतो, क्षणभर मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

सिलिंडरची चावी बंद केली. गॅसच्या नळीला टोपण बसवलं. वायरी कापल्या. फर्नेस उचलून गॅरेजमधल्या टेबलावर नेऊन ठेवली. गाडीच्या बाजूला तिच्या जागी एक चौकोनी भोक राहिलं, त्यातून ड्राइव्हवेवरचा बर्फ दिसत होता. मित्राचा, यतीनचा, फोन आला होता: ॲन आर्बरला लाइट आली, रस्ता मोकळा झालाय, निघा. नेत्रा आणि मी सामान भरायला घरात गेलो. गाडीच्या पुढच्या काचेतून ऊन येत होतं, घरापेक्षा तिथे बरं होतं, म्हणून मावशी आणि स्वानंदी तिथेच थांबल्या.

मी बॅगा घेऊन बाहेर आलो तेव्हा गाडीच्या काचांवर आतून वाफ धरली होती.

दार उघडलं. मावशीनं शाल काढून ठेवली होती. कपाळावर घाम.

“बरं केलंत हो,” ती जड आवाजात म्हणाली, “लगेच जोडलीत.”

“काय जोडलं?”

“भट्टी. केवढी ऊब आलीय बघा.”

स्वानंदीला तिनं दुपट्यावर, जमिनीतल्या हवेच्या झरोक्याशेजारी निजवलं होतं.

मी झरोक्यावर हात धरला.

गरम हवा येत होती. उन्हाची नव्हे. दाबानं येणारी, दमट.

पंख्याची हवा सलग येते. ही सलग नव्हती.

यायची. थांबायची. हात आत ओढल्यासारखा व्हायचा. मग पुन्हा यायची.

मी वाकून फर्नेसच्या जागी बघितलं. चौकोनी भोक. पलीकडे बर्फ आणि त्यात माझ्याच बुटांचे ठसे.

“स्वानंदी,” मी हाक मारली.

तिचे गाल लालबुंद झाले होते. ती उठली नाही.

पुढचं तुमच्याकडे आहेच. हॉस्पिटल, ऑक्सिजन. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. रक्तात जळका वायू सापडला. तुम्ही फोनवर दुभाषी लावून मावशीला विचारलंत, तुमच्यात बाळाजवळ कोळसे पेटवतात का? तिनं खरं ते सांगितलं, “हो, आमच्यात पेटवतात.” त्या दिवशी पेटवले का, हे कुणी विचारलंच नाही. पोर वाचलं एवढ्यावर ती रडत होती. तुमचं काम झालं.

तुमचा माणूस गाडीत आला. शेगडीत हात घालून त्यानं लसणाचा गड्डा बाहेर काढला. नाकाला लावला. भोकाचा फोटो घेतला, गॅरेजमधल्या फर्नेसचाही घेतला. मी झरोक्याबद्दल सांगायला लागलो तेव्हा त्यानं तिथे हात धरला आणि पटकन काढून घेतला. पँटला पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, तुम्ही ही गाडी विकून टाका. आणि जाऊन लिहिलं, शेगडी.

मावशी कऱ्हाडला परत गेली. तिच्या मुलाला गणपतीत मुलगी झाली. नात घरात येऊन इतके दिवस झाले, तरी ती तिला उचलून घेत नाही. उंबऱ्यात उभी राहून बघते. सून पुढे करते तर म्हणते, “नको गं, माझ्या हाताला लागलंय.” म्हणून मी तुमच्या मागे लागलोय. मला भरपाई नको. तिच्या नावावरचं ते वाक्य खोडा.

काल तुमच्यासाठीच पुन्हा फोटो काढायला गेलो. गाडी मी केव्हाच भंगारात दिली. फर्नेस तेवढी पुरावा म्हणून ठेवली आहे, गॅरेजमध्ये, प्लॅस्टिकमध्ये बांधून. प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. ते कापलं, झाकण काढलं.

पट्टीवर केस होते. या वेळी काळे.

भिंगाखाली धरले. निमुळती टोकं, पांढरी मुळं. बोटांना माक्याच्या तेलाचा वास लागला.

स्वानंदीचं जावळ आम्ही अजून काढलेलं नाही. मी वर गेलो. ती झोपली होती. टाळूच्या मागे, बोट ठेवलं तर झाकली जाईल एवढी जागा मोकळी होती. कातडी लाल होती.

आता लेखी उत्तर द्या. तुमच्या माणसाच्या हाताला त्या झरोक्यात काय लागलं?