मागचं मैदान आणि माऊली

"मॅडम, पावती!"

मी स्कूटी स्टँडवर लावतच होते. वळून बघितलं तर गळ्यात मफलर गुंडाळलेला एक उंच पोरगा हात पुढे करून उभा. सकाळचं धुकं अजून विरलं नव्हतं, बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"कसली पावती?"

"पार्किंगची."

"मी इथली खो-खोची कोच आहे."

"असाल की. पन गाडी कुठं खो-खो खेळती… तिला तर एका जागी उभंच राहायचं हाय."

खरं तर मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी हसू आलं, आणि ते त्यानं बघितलं.

पावती मी घेतली नाही. त्यानंही हट्ट धरला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तोच हात पुढे, तोच चेहरा गंभीर—"मॅडम, आजपन न्हाई?" आणि मी मान उडवून पुढे.

त्याचं नाव माऊली. हिंगोलीतल्या पूर्णा संकुलाच्या पटांगणातलं पार्किंग त्यानं भाडेपट्ट्यानं घेतलेलं होतं. संकुल सरकारी. समोर भलंमोठं सभागृह, त्याच्यापुढे पटांगण, आणि सभागृहाच्या पाठीमागे एक मैदान. त्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायला मी त्या हिवाळ्यात मानधनावर लागले होते. मी शिरड शहापूरची, राजनंदिनी. वडिलांची शेती, आईचा धाक, आणि शिक्षण संपल्यावर मिळालेलं हे पहिलंच काम. ते मैदान मला कुणी दान दिल्यासारखं वाटायचं.

आणि मग लग्नसराई सुरू झाली.

एका सकाळी मैदानावर गेले तर सगळीकडे चाकांच्या खोल चाकोऱ्या. खांबाशेजारी पत्रावळी. फक्कीनं आखलेल्या रेषांचा पत्ताच नाही. मी तशीच तरातरा पटांगणात गेले.

"हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"रात्रीच्या लग्नाचं म्हनता?" माऊली चहाचा ग्लास खाली ठेवत उठला. "हॉल एवढा मोठा, पटांगन एवढंसं. उरलेल्या गाड्या काय म्या डोक्यावर घेऊ? ऑफिसातून सांगतेत, मागं सोडा. म्या सोडतो."

"मागे माझ्या मुली पळतात. अनवाणी."

तो मफलरचं टोक नुसतंच बोटाला गुंडाळत राहिला. "अनवाणी?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मैदानावर रोलर फिरत होता. ओढणारा माऊली. अंगात स्वेटर नाही, कपाळावर थंडीतही घाम. माती ओली होती, पाणी मारून झालेलं दिसत होतं.

"काय करून राहिलात?" मी विचारलं.

"व्यायाम," तो म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. लग्न असलं की रात्री गाड्या, सकाळी रोलर. काम संपलं की तो कडेच्या दगडावर बसून सराव बघायचा आणि त्याला नसलेल्या शंका काढायचा.

"मॅडम, ती पोरगी बसली असती पाठ करून. मागून कोन येऊन राहिलं ते तिला दिसत न्हाई. अन् पाठीवर हात पडला की उठून पळायचं?"

"हो. खो मिळाला की उठायचंच."

"इचार करायला बी फुरसत न्हाई?"

"विचार करत बसली तर बाद."

"बरं…" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हंजे कोनीतरी आधी खो द्यायला पायजे."

मुली एकमेकींना कोपरं मारून हसल्या. मी शिट्टी फुंकली—उगाच, जरा जास्तच जोरात.

असे दिवस चालले असते तर किती बरं झालं असतं. पण एका सकाळी आरोही पडली. आरोही माझी सगळ्यात चपळ मुलगी, वाशिमच्या स्पर्धेसाठी सगळी भिस्त तिच्यावर. कोपऱ्यात भुसभुशीत मातीखाली एक चाकोरी राहून गेली होती, तिचा पाय नेमका तिच्यात गेला. घोटा बघता बघता सुजला. माऊलीनं तिला उचललं, कुणाची तरी जीप थांबवली, आणि दवाखान्यात डॉक्टर आरोहीला तपासत होते तेवढा वेळ तो बाहेर उभाच राहिला. बाकडं रिकामं होतं तरी.

"हाड मोडलेलं नाही," मी बाहेर येऊन सांगितलं. "मुरगळलाय. विश्रांती दिली की बरा होईल."

त्यानं मान हलवली. "त्या कोपऱ्यात रोलर फिरवला न्हाई म्या. उशीर झाला म्हनून सोडला."

"चूक रोलरची नाही, माऊली. तिथं गाडी येतेच कशाला?"

मी पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. आणि त्या दिवशी त्याच्यावर बोलायची वेळ नव्हती, म्हणून दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो.

त्याच आठवड्यात व्यवस्थापक दत्तोपंतांनी मला ऑफिसात बोलावलं. दत्तोपंत निवृत्तीला टेकलेले, सज्जन, घाबरट गृहस्थ.

"बसा, राजनंदिनीताई. विधिमंडळाची समिती जिल्ह्यात येते आहे. आमदार मंडळी असतात. सरकारी सभागृहं, त्यांचे भाडेपट्टे, पार्किंग कोणाला दिलं, कसं दिलं, जागा कशासाठी वापरली जाते—सगळं बघणार. तुम्हाला विचारलं तर एवढंच म्हणा, मैदान खेळासाठी आहे."

"आणि गाड्या?"

"कधीमधी लागतात. ते कशाला काढायचं?" त्यांनी चष्मा पुसला. "पट्टा फक्त पुढच्या पटांगणाचा आहे. मागे गाड्या लावल्या म्हणजे अट मोडली. त्या पोराचा पट्टा जाईल हो. आणि तुमचं मानधनही याच ऑफिसातून निघतं… धमकी नाही देत, बरं का. काळजी वाटते म्हणून बोलतो."

त्यांना खरंच काळजी वाटत होती. म्हणून तर मला त्यांच्यावर चिडताही येईना.

मानधनाचं मी कसंही निभावलं असतं. पण पट्टा… संध्याकाळी सरावानंतर मी सभागृहाच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. माऊली आला आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसला.

"दत्तोपंतांनी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"व्हय."

"मग काय बोलू मी?"

"ते मला काहून इचारता?"

"तुमचं पोट आहे त्याच्यावर."

"पोट माझं हाय," तो म्हणाला, "पन पाय त्या लेकराचा सुजला." थोडा वेळ त्यानं मातीत काडीनं रेघा ओढल्या. "अन् दुसरं… तुमी माझ्यासाठी खोटं बोलल्या, तर मंग माझ्याकडं तसं बघताल का?"

"कसं?"

तो मान वर करून हसला. "आत्ता बघून राहिल्या, तसं."

मी पटकन नजर वळवली. कान तापले होते, हे थंडीत लपतही नाही.

समिती आली त्या दिवशी संकुल लग्नघरासारखं झाडून ठेवलं होतं. पटांगणात पाणी शिंपडलेलं, दत्तोपंतांच्या अंगात नवा कोट. समितीप्रमुख एक वयस्कर आमदारबाई होत्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांच्या गाडीमागे दुसरी, तिसरी, मग अधिकाऱ्यांच्या, मग पोलिसांची… बघता बघता पटांगण भरलं. आणि शिपाई कोंडीबा रोजच्या सवयीनं हात हलवत ओरडला, "मागं सोडा! मागं सोडा!"

दोन गाड्या वळल्यासुद्धा. माऊली धावत जाऊन त्यांच्यापुढे आडवा उभा राहिला.

"मागं न्हाई. रस्त्यावर लावा."

बाई हे सगळं बघत होत्या. "मागे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"खेळाचं मैदान, बाई," दत्तोपंत घाईनं म्हणाले. "हा शिपाई बावळट आहे. आजच गर्दी झाली म्हणून… एरवी नाही लागत गाड्या."

बाई चालत मागे आल्या. मैदानावर उभ्या राहिल्या, कडेला बसलेल्या मुलींकडे त्यांनी बघितलं, आरोहीच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"ताई, आजचंच आहे का हे?"

मी माऊलीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जीभ अडली असती.

"नाही," मी म्हणाले. "लग्न असलं की गाड्या इथेच असतात. ही मुलगी चाकोरीत पाय जाऊन पडली."

"पार्किंगचा पट्टा कोणाकडे आहे?"

"माझ्याकडं," माऊली पुढे आला. "पट्टा पुढचा हाय. मागच्या गाड्याबी म्या लावल्या. ऑफिसातून सांगतेत हे बराबर हाय, पन त्यात मलाबी मिळकत व्हती. खोटं कशाला सांगू."

बाई दत्तोपंतांकडे वळल्या. "किती गाड्या मावतात ते न बघता सभागृह देता तुम्ही?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "वरून शब्द येतो, बाई. नाही म्हणवत नाही."

"आता म्हणायला लागेल." बाईंचा आवाज वाढला नाही. मैदान आजपासून वाहनांना बंद करा, कुंपण घाला, आणि पटांगणात गाड्या मावतील एवढ्याच कार्यक्रमाला सभागृह द्या, असं त्यांनी सोबतच्या अधिकाऱ्यांना सांगितलं. आम्ही विधानसभेत अहवाल ठेवू तेव्हा हे झालेलं असलं पाहिजे, म्हणाल्या. मग माऊलीला म्हणाल्या, "तू खरं बोललास, चांगलं केलंस. पण अट मोडलीच आहे. हा पट्टा राहणार नाही. नवी निविदा निघेल."

"बराबर हाय," माऊली म्हणाला.

महिनाअखेर त्यानं जागा सोडली; वाशिम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला त्याच्या वडिलांचा धाबा होता, तिकडं तो जाणार हे मुलींनाही ठाऊक होतं. मी सरावात होते. कुंपणाच्या पलीकडून त्यानं हात वर केला, मीही केला. मुली बघत होत्या, म्हणून तेवढंच.

माझं मानधन काही थांबलं नाही. दत्तोपंत तर आता बुकिंगला आलेल्यांना गाड्या किती ते आधी विचारत, आणि विचारताना त्यांना जरा मजाही येत असावी. मैदान तळहातासारखं सपाट झालं. हवं होतं ते सगळं मिळालं… आणि मला तिथं करमेना. पहाटे पटांगणातून जाताना पावलं आपोआप सावकाश व्हायची. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. त्याचाही येत नव्हता. मी त्याचा धंदा बुडवला, आता कोणत्या हक्कानं बोलू—असं मला वाटे. शेवटी एका शनिवारी गावी गेले तेव्हा भाकरी थापणाऱ्या आईनं विचारलं, "काय झालंय गं तुला?" आणि मी सगळं सांगून टाकलं. चुलीपुढे बसून, एका दमात.

वाशिमची स्पर्धा झाली. आरोही खेळली, आम्ही दुसऱ्या आलो. परतताना दुपारचं कलतं ऊन होतं, रस्त्याकडेच्या हरभऱ्याला घाटे धरलेले. कनेरगाव नाका जवळ आला तशी आरोही ड्रायव्हरला म्हणाली, "काका, इथं थांबा. मॅडमना चहा पायजे."

"मला? कधी म्हणाले मी?"

"तोंडावर दिसतंय की," ती म्हणाली, आणि अख्खी गाडी हसली.

धाबा माऊलीच्या वडिलांचा, सोनाजींचा. बाजा, वर पत्रा, भट्टीतून धूर. माऊली भट्टीपुढे कढई घासत होता. मला बघून कढईसकट उठला, हात पुसायला काही मिळेना म्हणून नुसताच उभा राहिला.

"जिंकल्या का?"

"दुसऱ्या आलो. फोन का नाही केलात?"

"कोनत्या तोंडानं करू? पट्टा गेला. आता माझ्याकडं हाय काय… हा धाबा अन् हे बाबा."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुमच्यावर?" तो गडबडलाच. "तुमी बोलत व्हत्या तवा मला वाटलं, ही पोरगी… ही पोरगी माझी असती तर—" आणि थांबला. ट्रक गेला, धूळ उडाली, बसली. तो थांबलेलाच.

"तर?"

"तर… काय न्हाई. लै भारी वाटलं असतं."

आता त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

"मी आईला सांगितलंय," मी म्हणाले.

"काय?"

"मुलगा बघितलाय म्हणून."

"कोन?"

मी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिले. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याच्या हातातली कढई हळूच खाली गेली.

"अन्… आई काय म्हनल्या?"

"येत्या रविवारी घेऊन ये म्हणाली. जेवायला."

"रविवारी?" तो दचकला. "रविवारी तर धाब्यावर…" आणि माझ्याकडे बघून स्वतःच हसला. "बंद ठेवतो."

बाजेवर आडवे झालेले सोनाजी ताडकन उठून बसले. "रविवारी बंद? काहून रे?"

"शिरड शहापूरला जायचंय, बाबा," माऊली म्हणाला.

सोनाजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गाडीच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या मुलींकडे. डोक्यावरची टोपी काढून झटकली, पुन्हा नीट घातली.

"मंग मीबी येतो की," ते म्हणाले.