नात्याचा रकाना

भारतीय बँकिंगच्या इतिहासात संगणकाचं आगमन ही एक क्रांती होती. उज्जैनमध्ये ही क्रांती चपला बाहेर काढून आत आली, कारण धुळीने मशीन बिघडतं असं वरून कळवलं होतं.

१९९९ चा मे महिना. बाहेर फ्रीगंज बाजारातल्या रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि आत, बँकेच्या ट्रेनिंगच्या खोलीत, पन्नाशी ओलांडलेले दहा कर्मचारी स्वेटर घालून बसले होते. एसी मशीनसाठी होता. त्यात माणसांचा विचार नव्हता. मशीनं पाचच, म्हणून जोड्या लावल्या. चारुलताबाईंच्या शेजारी नानाखेडा शाखेतले दत्तात्रय पळशीकर येऊन बसले... कॅशवाले, विधुर, खिशात बडीशेप.

चारुलताबाई मनातून घाबरल्या होत्या. शनिवारी परीक्षा. नापास होईल त्याची बदली थेट लांबच्या आडगावात, थांदल्याला, आणि घरी आई, म्हणजे माई, अंथरुणाला खिळलेल्या. या बिनलग्नाच्या मुलीशिवाय त्यांना दुसरं कोणी नाही. त्यात पहिल्याच दिवशी बाईंची अशी समजूत झाली की चुकीची कळ दाबली की भोपाळच्या ऑफिसात घंटी वाजते.

"दाबा ना," तिसऱ्या दिवशी पळशीकर म्हणाले.

"तुम्हीच दाबा."

"माझा हात थरथरतो."

"भीतीने?"

"एसीने." मग बडीशेप पुढे करत — "म्हणजे, पहिल्या दिवशी एसीने."

चारुलताबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. कान मात्र तापले. त्या खोलीत तेवढीच एक गरम गोष्ट होती. आता त्यांना आणखी एक भीती लागली, आणि तिच्यासाठी ट्रेनिंग नव्हतं.

शनिवारची परीक्षा सोपी होती, म्हणजे इंदूरहून आलेल्या ईरा ट्रेनरच्या मते. एकाने मनाने नावं टाकून खातं भरायचं, दुसऱ्याने तपासून एंटर दाबायचं. खातं उघडलं नाही तर दोघंही नापास.

पळशीकर एका बोटाने बराच वेळ टाइप करत राहिले. मग त्यांनी कीबोर्ड हळूच बाईंकडे सरकवला.

जॉइंट अकाउंट. पहिला खातेदार दत्तात्रय. दुसरी खातेदार — चारुलता. पैसे दोघांपैकी कोणीही काढावेत. एक गेल्यावर, उरेल त्याने.

"हे काय हो?"

"दुसरी नावं सुचली नाहीत."

"आणि नात्याचा रकाना रिकामा सोडलात! मशीन असं पास नाही करणार."

"तिथे हिंमत नाही झाली. तो तुम्ही भरा..." पळशीकरांनी चष्मा उगाच पुसला. "'फ्रेंड' टाकलंत तरी चलेल. पास होऊ आपण. मी मनात धरणार नाही."

"लोक हसतील."

"हसू द्या की. या वयात कोणाला हसवणं सोपं नाही."

"आणि माई? मी त्यांना सोडून कुठे येणार नाही."

"मीच येतो ना. रमी खेळतात का त्या?"

"चीटिंग करतात."

"मग तर पक्कं. कॅशवाला आहे मी, पकडीन."

"दो मिनट बचे हैं!" ईरा मागून ओरडली.

चारुलताबाईंची बोटं गार पडली होती. कॉलनी, माई, स्वतःचे पांढरे केस, थांदला, भोपाळची घंटी... सगळं एकदमच आठवलं. बोट कीबोर्डवर फिरलं, थांबलं, परत फिरलं.

"पळशीकर," त्या कुजबुजल्या, "वाइफमधला डब्ल्यू कुठे असतो हो?"

पळशीकरांनाही सापडेना. डोक्याला डोकं लावून दोघांनी शोधला. मग आय, एफ, ई. मग चारुलताबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि एंटर दाबलं.

खातं उघडलं. ईराने दोघांना पास केलं, आणि पाच वाजता सरावाची सगळी खाती पुसून मशीन बंद केलं.