हंसाची खुंटी

बालवाडीच्या फाटकातून किंगा घाईघाईनं आत शिरली आणि वाटेत उकिडव्या बसलेल्या एका माणसावर धडपडली. हातातले गरमागरम पोगाचे, चीजचे खारे पाव हो, उडाले ते थेट बर्फाच्या चिखलात!

"अहो, वाटेत काय बसलाय? काही हरवलंय का?"

"नाही. तीन वर्षांच्या पोरीला तुम्ही कशा दिसत असाल, ते बघतोय."

"मग? कशी दिसते?"

"कोटाची चार बटणं, आणि वर एक हनुवटी. हनुवटी जरा रागीट आहे." तो उठून उभा राहिला. "इथून मात्र डोळे दिसतात. ते... वेगळंच काही सांगतायत."

किंगाचे कान लाल झाले. मार्चमधली थंडी, दुसरं काय!

हा बालिंट. बालवाडीतल्या ताईंनी पोरांशी मायेनं कसं वागावं, ते शिकवायला तीन आठवड्यांसाठी माको गावात आला होता. आणि आला होता तो मुख्यतः किंगासाठीच. किंगाच्या वर्गात पेन्सिलीसुद्धा रांगेत झोपायच्या, पण सप्टेंबरपासून एक पोर तिच्या मांडीवर बसलं असेल तर शपथ! पोरांवर जीव होता तिचा, पण मुरंब्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसावं तसा आतच अडकलेला.

मोठ्या बाई पिरोश्का म्हणाल्या होत्या, "ईस्टरपर्यंत वाट बघते. मग तुला कचेरीत बसवते. कागद काही रडत नाहीत."

आणि नेमकी मित्सी रडायची. फेब्रुवारीत आलेली ही चिमुरडी अंगातला कोट काढायलाच तयार नव्हती. रोज खुंटीसमोर उभी, ओठ बाहेर.

तिथल्या बालवाडीत प्रत्येक पोराचं एक चित्र असतं. खुंटीवर, टॉवेलवर, कपावर तेच. कुणाचं गाजर, कुणाची छत्री. माकोतल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही आपलं चित्र आठवतं, आणि भांडणात बायको म्हणते, "तू गोगलगाय होतास, गोगलगायच राहिलास!" पोरं आपलं चित्र आपणच निवडतात. पण मित्सी येण्याआधीच किंगानं यादी बघून उरलेला हंस तिच्या खुंटीवर चिकटवून टाकला होता. व्यवस्थित काम!

"खाली बसा, नाव घ्या, विचारा," बालिंट शिकवायचा. "मग पाच मोजेपर्यंत गप्प."

"गप्प बसायला येतं मला."

"तेवढंच येतं! चला, आधी माझ्यावर सराव करा."

दोघं चिमुकल्या खुर्च्यांवर समोरासमोर बसले. गुडघे कानाला लागले.

"बालिंट... काय झालं?"

एक. दोन. तीन...

"मला... पोगाचे आवडतात."

"थाप!"

"हो, थाप. तुम्ही इतक्या जवळ बसल्यावर खरं कसं सुचणार?"

किंगा हसली. असं हसली की स्वयंपाकघरातली बाई पळी घेऊन बघायला आली.

शेवटचा शुक्रवार उजाडला. दारात पिरोश्काबाई हाताची घडी घालून उभ्या. मित्सी कोटात. किंगा तिच्यापुढे खाली बसली, गुडघे अक्रोड फुटावा तसे कडाडले.

"मित्सी, कोट का गं नाही काढत?"

पाच मोजून झाले. दहा झाले. किंगा गप्प.

"तो चावतो."

"कोण?"

"हंस. आजीचा. इथे." मित्सीनं आपल्या ढुंगणावर हात ठेवला. "कोट असला की लागत नाही."

आता आजीचा तो हंस म्हणजे साधासुधा नव्हे. त्यानं पोस्टमनला एकदा असं पळवलं की बिचारा पुढच्या जिल्ह्यात जाऊन थांबला, आणि तिथेच लग्न करून राहिला!

"चुकलं माझं," किंगा हळूच म्हणाली. "आधी तुला विचारायला हवं होतं. माझं चित्र काय होतं सांगू? किटली! सगळे मला बघून फुस्स्स करायचे."

"फुस्स्स?"

"फुस्स्स्स!"

मित्सी खुदकन हसली. "मला किटली पाहिजे."

किंगानं तिथल्या तिथे किटली काढली, वाकडीच, आणि हंसाच्या जागी चिकटवली. कोट खुंटीवर गेला. आणि मित्सी? चिखलाच्या बुटांसकट किंगाच्या मांडीवर!

"कचेरीसाठी दुसरी कुणी बघते," पिरोश्काबाई म्हणाल्या आणि मोठ्यानं नाक शिंकरलं.

दुपारी पोरं घरी गेली. किंगाच्या हातात बेवारस हंस, बालिंटच्या हातात बॅग. तो चिमुकल्या खुर्चीवर बसला. ती समोर.

"बालिंट... काय झालं?"

एक. दोन.

"जावंसं वाटत नाही. इथे एक जागा रिकामी आहे. अर्ज लिहिलाय, पण... तुम्हाला विचारल्याशिवाय—"

तीन. पाच मोजायचे असतात, पण कुणाला धीर!

"पाठव."

"पाठव म्हणालीस?"

"हो रे बाबा, म्हणाले! पण हंस चावतो हं."

"चावू दे."

ईस्टरची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी, किटलीशेजारच्या खुंटीवर हंस होता, आणि त्या बुटक्या खुंटीवर एक लांबलचक कोट, खालचं टोक फरशी पुसत. मित्सीनं तो कोट नीट न्याहाळला, मग बालिंटची बाही ओढून त्याच्या कानात सांगितलं,

"बसताना जपून हं."