एक्केचाळिसावी वॉर्निंग

कॉफीच्या रांगेत कुणीतरी तिच्यापुढे एक कागद धरला.

"सही करता का? कंपायलरवर कुणीतरी नवी तपासणी बसवलीय. उठसूट वॉर्निंग देत सुटते. एकोणचाळीस तर माझ्या एकट्याच्या कोडवर."

तिने अर्ज शेवटपर्यंत वाचला, त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्यातला एकोणचाळीसचा आकडा खोडला.

"एक्केचाळीस. आणि ते कुणीतरी म्हणजे मी."

"अच्छा... म्हणजे चाळणी ती तुम्हीच?"

"आणि तुम्ही अलार्मवाले."

ऑफिसात दोघांची हीच नावं पडली होती. दवाखान्यात खाटेशेजारी असतात त्या मॉनिटरचा सॉफ्टवेअर विभाग तो. त्यातला अलार्म याने लिहिलेला. तिची तपासणी आठ महिन्यांच्या मेहनतीची: कोड यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलरने धोक्याच्या जागा दाखवायच्या. साहेबांनी मुदत दिली होती शुक्रवारी पाचची. तोवर सगळ्या वॉर्निंग निकालात निघाल्या तर तपासणी राहणार, नाहीतर कायमची बंद.

गुरुवारी तो स्वतःच खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आला. "एकेक दाखवा. हरलो तर कॉफी माझ्याकडून."

"मी हरले तर?"

"तरी माझ्याकडूनच." तो स्क्रीनकडे बघत राहिला – जरा जास्तच लक्ष देऊन.

तिचे कान तापले. तिने पहिली वॉर्निंग उघडली.

शुक्रवारी चारपर्यंत चाळीस संपल्या. शेवटच्या वॉर्निंगवर मात्र तो अडून बसला.

"ही खोटी आहे. स्मार्ट पॉइंटर आहे की तिथे. पेशंटची नोंद कितीजण वापरताहेत ते तो मोजतो, आणि शेवटचा गेला की मगच नोंद पुसतो."

"पण तुम्ही त्यातून नोंदीचा नुसता पत्ता काढून घेतलाय. त्या मोजणीत तुम्ही नाहीच. नोंद पुसली गेली तरी तुम्ही तिथेच वाचत बसणार."

"सहा वर्षांत एकदाही बिघडलं नाही, बाई."

"अलार्म वाजत असताना पेशंटची खाट बदला, म्हणजे जुनी नोंद पुसली जाईल. सिम्युलेटरवर."

त्याने बदलली. काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

नवव्या खेपेला पडद्यावर नाडी तीसवर उतरली... आणि अलार्म गप्प झाला.

एका ओळीत ती वॉर्निंग दाबून टाकता आली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने फोन उचलला.

"साहेब, आजची आवृत्ती दवाखान्यांना पाठवू नका. चूक माझी आहे... हो, सहा वर्षांची. त्यांनी शोधली... माझ्या बढतीचं नंतर बघू, साहेब."

फोन ठेवून तो कीबोर्डकडे वळला. मग त्याने एक ओळ लिहिली. अलार्म चालू आहे तोवर त्यालाही मोजणीत धरणारी. वीस वेळा खाट बदलली. वीसही वेळा अलार्म वाजला. कंपायलरकडे बोलायला काही उरलं नाही. पाचला सात मिनिटं होती.

"जिंकलात," तो म्हणाला.

"आठ महिने एका गोष्टीच्या मागे होते, ती झाली. आता दुसरी."

"कोणती?"

"तुम्ही."

त्याने स्क्रीनवरून मान वळवली. ती नजर न हलवता म्हणाली, "मी मध्येच सोडत नाही, हे एव्हाना कळलं असेल."

"कळलं..." त्याला हसू आवरेना. "शनिवारी बाकीचे अलार्म तपासायला ये... येशील?"

"येईन. आणि रविवारी?"

"रविवारी काम नसतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.