दारापुढचा खड्डा

घरातलं दूध संपलं होतं, निमित्त एवढंच. दुपार कलली होती आणि धाकटा भाऊ चक्क कबूल केलेल्या वेळी आला होता. "जा ताई, मी बसतो बाबांजवळ," म्हणाला. स्वारीला एकदाचं सुचलं म्हणायचं!

ताईने पिशवी घेतली, चपला सरकवल्या आणि दाराशी येऊन थबकली.

दारापुढे काळं पायपुसणं होतं. तिनेच आणलेलं. बाबांनी जन्मभर बस चालवली. विस्मरणाचा आजार जडल्यापासून "ड्यूटी आहे" म्हणत ते कधीही रस्त्यावर निघून जायचे. मग नर्सबाईंनी युक्ती सांगितली: दारापुढे काळंकुट्ट काहीतरी अंथरा, अशा माणसांना तिथे खड्डा दिसतो. आणि खरंच की! बाबा काठाशी थांबायचे, वळून तिलाच सांगायचे, "कंडक्टर, रस्ता खचलाय." तिला हसूही यायचं आणि रडूही.

पुढे ते त्या खड्ड्याला कान लावून बसायला लागले.

"खाली एक बाई आहे. ये म्हणते."

"कुणाला?"

"तुम्हाला, कंडक्टर."

ताईने कानाआड केलं. पण भाजीवाला आला की ती लांबूनच हात ताणून पिशवी घ्यायची. मैत्रिणीचं बोलावणं टाळलं, ठणकणारा दात गोळ्यांवर ढकलला. बाबांना सोडून कशी जाऊ, म्हणायची. बाबांसाठी अंथरलेलं पायपुसणं आपणही ओलांडलेलं नाही, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

तिने पाय ठेवला. पाय खाली गेला.

घोट्यापर्यंत. आत गारठा होता, ओल होती, शिळ्या औषधांचा वास होता... आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "कुठे निघालीस...? त्यांचं कोण करणार...? दमलीस ना, ये खाली..."

घोट्याभोवती बोटं आवळली. मऊ, मायेची बोटं. त्या मायेचीच तिला जास्त भीती वाटली.

मागून बाबा गरजले, "कंडक्टर, बेल मारा! गाडी थांबवायची नाही!"

तशी ताई पेटली. "सोड! अगं, मीच आडवी झाले तर त्यांचं कोण करणार? सांभाळीन मी त्यांना, मरेपर्यंत सांभाळीन. पण रोज बाहेर पडेन, पोटभर झोपेन आणि त्या धाकट्यालाही कामाला लावीन. अडव बघू!" आणि दुसरा पाय तिने असा आपटला, की भिंती हादरल्या.

बोटं सुटली. ती जिन्यात जाऊन पडली. एक चप्पल आतच राहिली होती. तिने दुसरीही भिरकावली आणि अनवाणीच रस्त्यावर आली. बाहेर ऊन होतं, माणसं होती, हॉर्न वाजत होते. कोपऱ्यावर उभी राहून ती वेड्यासारखी हसली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा. आवाज अगदी खाली आलेला.

"ताई... तू परत कधी आलीस?"

"मी कोपऱ्यावर आहे."

"मग दारात कोण बोलतंय...? तुझाच आवाज आहे. आणि बाबा हात धरून ओढतायत कुणालातरी... 'वर या बाई, कंडक्टरची सीट रिकामी आहे,' म्हणतायत..."

ताईने पदर खोचला.

"येऊ दे वर," ती म्हणाली. "माझ्या जागेवर बसायची हौस आहे ना? ओट्यावर खरकटं पडलंय, घासायला लाव तिला. मी तासाभराने येते. आणि तू बाबांना खुर्चीत बसव, हात सोडू नकोस त्यांचा."

धाकट्याने बाबांना बसवल्याचं तिला ऐकू आलं. खुर्ची करकरली, बाबा खाकरले.

मग पलीकडे नळ सुरू झाला. भांडी वाजायला लागली.

"ताई..." धाकटा कुजबुजला, "आम्ही दोघंही इथेच आहोत."