केबिनच्या काचा

अण्णा गेल्यावर वाटणीत दादाला दुकान मिळालं आणि मला केबिनच्या काचा. थट्टा नाही, खरंच. दुकान नव्याने सजवताना त्याने वडिलांची काचेची केबिन उखडली आणि म्हणाला, "तुला काहीबाही करत बसायची हौस आहे, घेऊन जा." मीही नेल्या. फुकट ते पौष्टिक! माझी मुलगी जन्मायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून त्या कपाटामागे उभ्या होत्या.

यंदा मुलीसाठी माशांची मोठी टाकी आणली, तेव्हा त्यांची आठवण झाली. अशा टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपातून तिच्यात उतरतं, काचेच्या पडद्यांखालून-वरून वळसे घालतं, गाळ आणि बुडबुडे मागे टाकतं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. विकतचा संप कपाटात बसेना, म्हणून मी घरीच करायला घेतला.

काचवाल्याने केबिनची काच उजेडात धरली. "इथे डाग आहे साहेब. एवढा तुकडा टाकून देऊ?"

डाग अण्णांच्या अंगठीचा होता. केबिनमध्ये बसून ते अंगठीने काचेवर वाजवायचे. एकदा वाजलं की दादाने जायचं, दोनदा वाजलं की मी. नावाने हाक कधी मारली नाही. हातातलं टाकून पळायचं, आणि पहिलं काम म्हणजे फडक्याची चार पदरी घडी करून तीच काच पुसायची. वर्षानुवर्षं वाजवून तेवढी जागा पांढुरकी झाली होती. मला त्या माणसाचा अजून राग येतो. मुलीला मी मुद्दाम वेगळं वाढवलंय. पहिल्या हाकेला ती उठेल तर शपथ! तिची आई कपाळाला हात लावते, मला मात्र आत कुठेतरी बरं वाटतं. माझ्या घरात कुणी कुणाच्या इशाऱ्यावर धावायचं नाही.

"राहू दे डाग," मी म्हणालो. "बुडू दे पाण्यात."

तीन पडदे सिलिकोनने चिकटवले. घरभर आंबूस वास सुटला, तो सुकेपर्यंत गेला नाही. डागाची काच पहिली लावली. पाणी भरलं, कुठे थेंबही गळला नाही.

आठवड्याभराने जेवताना आवाज आला. टक-टक. पंप काचेला लागत असेल म्हणून त्याच्याखाली स्पंज घातला. संध्याकाळी पुन्हा टक-टक. मग पंपच बंद केला आणि वरचं पाणी उतरून स्थिर होईपर्यंत थांबलो. कपाटात डोकं घातलं. पहिली काच स्वच्छ होती. डाग मधल्या काचेवर होता. लावताना माझीच गफलत झाली असणार, असं मी स्वतःला समजावलं.

पंप बंदच होता, आणि अगदी कानाशी वाजलं. टक-टक.

माझे गुडघे आपोआप सरळ झाले. संतापून मी पुन्हा खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी डाग तिसऱ्या काचेवर होता. दादाला फोन केला.

"दोनदा वाजतंय? मग तुलाच." तो हसला नाही. "गेलास का?"

"कुठे जाऊ? आता मी कुणाच्या वाजवण्यावर उठत नाही."

"तू उठला नाहीस की ते काय करायचे, आठवतं?"

"तुला बोलवायचे."

"मी तर इथे आहे रे," दादा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

रविवारी सकाळी काचा उपटून टाकायच्या ठरवल्या. संपातलं पाणी उपसलं. तिसऱ्या काचेवर डाग नव्हता. कुठल्याच काचेवर नव्हता. मला हुश्श झालं.

बायको बाजारात गेली होती. मुलगी आत चित्र काढत होती.

टक. टक. टक.

तीनदा. दुकानात तीनदाचं कुणीच नव्हतं.

आवाज खालून आला नव्हता. वरच्या टाकीतून आला होता, नव्या कोऱ्या काचेतून.

"आले!" आतून मुलगी म्हणाली.

ती पळतच आली. माझ्याकडे न बघता टाकीसमोर उभी राहिली आणि काचेवर एकाच जागी फडकं घासायला लागली.

"राहू दे गं ते," मी म्हणालो. मग ओरडलो. मग तिचा दंड धरून ओढलं.

ती जागची हलली नाही. हातातल्या ओल्या फडक्याची तिने चार पदरी घडी केली होती.