आवाजाने दिलेला हुकूम

खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या वरच्या अंगाला एक लहानसं धरण आहे. त्याच्या कंट्रोल रूमवर मी त्या सकाळी पोहोचले, तेव्हा आनंद पोटात मावत नव्हता. शत्रूने साहेबांचा आवाज हुबेहूब बनवून फोनवर हुकूम सोडला, तर धरणांनी, वीजघरांनी काय करायचं, यावर मी कितीतरी दिवस संशोधन करत होते. सरकारपुढे जायचा धोरणाचा मसुदा माझा, आणि आवाज खरा की बनावट हे सांगणारं यंत्र इंजिनियर तल्हाभाईंचं. आज दोघांची परीक्षा होती.

परीक्षेपुरता हुकूम देणारा अधिकृत आवाज म्हणून माझाच नोंदवला होता. फक्त दुपारच्या नैवेद्यापर्यंत माझं रोजचं मौन असतं. म्हणून खरा हुकूम दुपारी, आणि तोवर तल्हाभाई बनावट आवाज सोडणार, असं ठरलेलं.

"मॅडम, हे मौन सगळ्या मीटिंगांना लागू करा," तल्हाभाई म्हणाले. "तेही मसुद्यात घाला."

धरणाचा दरवाजा चालवणारी हर्षला खिडकीशी उभी होती. "हसू नका ओ भाऊ. ताईंच्या पुण्याईवर तुमचा ह्यो यंत्राचा डबा चालतोय."

खाली नदीत तिची जाऊ मैना आणि आणखी काही बाया गोधड्या धूत होत्या. वर येताना मी त्यांना हात जोडून आले होते. दुपारी भोंगा वाजवून त्यांना बाहेर काढायचं, मग दरवाजा वीतभर उचलायचा. भोंगा अजून जोडायचा होता. दरवाजा मात्र यंत्राला जोडून झाला होता; यंत्राने आवाज खरा मानला की तो आपोआप हलणार.

तल्हाभाईंनी बनवलेले माझे आवाज फोनवर एकामागून एक आले. प्रत्येकाला लाल दिवा. बनावट. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

पुन्हा फोन वाजला.

"हर्षला, दरवाजा पूर्ण उघड हं."

ते 'हं' माझं होतं. देवापुढे ताट सरकवताना निघतं तसं, हळू. त्यामागे ओल्या दगडावर पाणी आपटल्याचा आवाज येत होता.

हिरवा दिवा लागला. खरा.

मी खुर्चीतून उठलेच. यंत्र फसलं होतं! कागदावर कधीच सापडली नसती अशी फट, डोळ्यांदेखत! मी हरखून तल्हाभाईंना खुणेने विचारलं, कसं केलंत?

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"हा माझा नाही, मॅडम."

पायाखालची फरशी थरथरली. दरवाजाची मोटर सुरू झाली होती.

हर्षलाने थांबवायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही झालं नाही. आवाजाने दिलेला हुकूम आवाजानेच मागे घ्यायचा, ही अट मसुद्यात माझीच. बटणाशी कुणी घातपात करू नये म्हणून.

"ताई, बोला ओ! मैना खाली हाय!"

आजवर एकदाही मौन मोडलं नव्हतं. मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि यंत्राच्या माईकशी तोंड नेलं.

"थांबव. दरवाजा बंद."

लाल दिवा. बनावट.

पुन्हा म्हटलं. ओरडले.

लाल.

तल्हाभाईंनी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मोटर थांबली. दरवाजा अर्ध्यावर अडकला होता आणि त्याखालून पाणी पांढरं होऊन सुटलं होतं.

हर्षलाने फोन लावून स्पीकरवर टाकला. "मैना! पाणी सुटलंय! गोधड्या राहू दे, समद्यांना घेऊन वर ये!"

पलीकडे हाका, बांगड्या, दगडांवरून धावणारी पावलं. मग मैनाची धाप.

"आलो गं. समद्या वर आलो."

हर्षला मटकन खाली बसली. "देवा," मी मोठ्याने म्हणाले. वाचल्या! हसू येत होतं.

"पन ताई येत नायत," मैना म्हणाली.

"कुठल्या ताई?"

"तुमच्या त्या मौनवाल्या. मघाधरनं पाण्यात उभ्या हायत, पाठमोऱ्या. कवाच्या हाका मारतोय. वळत नायत."

हर्षलाने माझ्याकडे पाहिलं. तल्हाभाईंनी पाहिलं नाही.

"ताई हितं हायत, मैना."

फोनमध्ये पाण्याचं घोंगावणं जवळ आलं.

मग मैना हळूच म्हणाली,

"वळल्या."